चांदीला पंचवीस, बिस्मथला दोन

आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या कॅथोडच्या दर्जाचा एक तक्ता होता. शुद्ध तांब्यात कुठली भेसळ किती चालेल, हे त्यात दहा लाख भागांच्या हिशेबात दिलेलं होतं. चांदी 25 भागांपर्यंत चालते. लोखंड 10, शिसं आणि आर्सेनिक प्रत्येकी 5, अँटिमनी 4. बिस्मथ, सेलेनियम आणि टेल्युरियम मात्र प्रत्येकी फक्त 2. सगळं मिळून 65 च्या वर जायचं नाही. जगभरच्या बाजारात सर्वांत वरच्या प्रतीच्या कॅथोडला हीच मापं लागतात.

सिल्वासाच्या औद्योगिक पट्ट्यात तांब्याच्या तारा ओढणाऱ्या एका युनिटमध्ये मी केमिस्ट म्हणून बरीच वर्षं काम केलं. राहायला वासोण्यात होते. करसवलतींच्या काळात दादरा नगर हवेलीत जे कारखाने आले, त्यांत सूत, प्लास्टिक आणि तांबं यांचा वाटा मोठा. स्टरलाइट कॉपरचा तांबं शुद्ध करण्याचा आणि रॉड बनवण्याचा कारखानाही इथलाच. आमचं युनिट त्या मानाने लहान. रॉड यायचा, तो ओढून बारीक तार व्हायची, भट्टीत नरम केली जायची, काहींवर कथलाचा थर चढायचा आणि माल केबलवाल्यांकडे जायचा. माल पास की नापास, हे सांगणं माझं काम.

एकदा आमच्याकडे बी.एस्सी. झालेला, वासोण्यातलाच एक वारली मुलगा ट्रेनी म्हणून आला. तक्ता दोनतीनदा वाचून त्याने विचारलं, “मॅडम, चांदीला पंचवीस आणि बिस्मथला दोनच का? दोन्ही तर भेसळच ना?”

प्रश्न साधा होता आणि उत्तर तक्त्यात नव्हतं. ते प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूत इलेक्ट्रॉन कसे मांडले आहेत, यात होतं. परीक्षेसाठी सगळ्यांनी पाठ केलेलं हे इलेक्ट्रॉन संरूपण कारखान्यात पावलोपावली कामाला येतं, हे मी त्याला शिकवता शिकवता स्वतःही अधिक नीट समजून घेतलं. त्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात आमच्या यंत्रापासूनच करते. कारखान्यात त्याला सगळे ‘स्पेक्ट्रो’ म्हणतात. रॉडचा तुकडा कापायचा, त्याचं तोंड सपाट करायचं आणि यंत्राच्या टेबलावर दाबून बसवायचा. आर्गॉन वायूत विजेची ठिणगी पडते. ठिणगीच्या उष्णतेने पृष्ठभागावरचे थोडे अणू मोकळे होतात, त्यांतले इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पातळीवर जातात आणि लगेच खाली येतात. खाली येताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. तांब्याचा 4p पातळीवर गेलेला इलेक्ट्रॉन 4s मध्ये परतला की 324.75 आणि 327.4 नॅनोमीटरच्या रेषा उमटतात. चांदीची रेषा 328.07 वर. फॉस्फरसची 178 च्या आसपास, इतक्या तोकड्या तरंगलांबीची की वाटेतली हवाच तिला गिळून टाकते. म्हणून प्रकाशाची वाट आर्गॉनने भरावी लागते किंवा निर्वात ठेवावी लागते. कुठली रेषा किती तेजस्वी, यावरून कुठलं मूलद्रव्य किती, हे पडद्यावर येतं.

या रेषा वाचण्याच्या इतिहासात आपल्या मराठी मुलखाचंही एक पान आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांतल्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच ग्रहणात गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनीही त्या पाहिल्या. त्यांपैकी पिवळ्या भागातली एक रेषा पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो 1895 साली. म्हणजे पदार्थ हातात येण्याआधी त्याच्या इलेक्ट्रॉनांची खूण माणसाला दिसली होती. ती खूण तशी का उमटते, हे मात्र 1913 साली नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जेच्या पातळ्या दिल्या, तेव्हा कळू लागलं. त्याच वर्षी हेन्री मोझली यांनी एकेका धातूचे क्ष-किरण मोजून मूलद्रव्यांना खरा क्रम दिला. कॅल्शियमपासून सुरू होणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात शेवटच्या दोन पट्ट्या तांब्याच्या आणि पितळेच्या आहेत. पितळेच्या पट्टीत तांब्याच्या रेषांशेजारी जस्ताच्या रेषा दिसतात. मोझली 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले, तेव्हा त्यांचं वय 27 होतं.

आता तांब्याकडे येऊ. शाळेत आपण शिकतो की अणूचं बाहेरचं कवच बघा, गुणधर्म कळतील. पोटॅशियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन आहे, 4s मध्ये. तांब्याच्याही बाहेरच्या कवचात एकच, तोही 4s मध्ये. पण पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो, आणि तांब्याच्या घागरीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरत आलो आहोत.

हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा ट्रेनी बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “मंग बाहेरचं बघून उपयोग काय?”

उपयोग आहे, पण बाहेरचा इलेक्ट्रॉन किती घट्ट धरलेला आहे, हे आतल्यांवर ठरतं. पोटॅशियमच्या केंद्रकात 19 प्रोटॉन आहेत, तांब्याच्या 29. मधे जे दहा प्रोटॉन वाढले, त्यांच्याबरोबर दहा इलेक्ट्रॉनही आले आणि ते सगळे आतल्या 3d मध्ये बसले. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ अडवतात खरे, पण d कक्षकांचा आकार असा पसरट की त्यांची आड पूर्ण होत नाही. कारवीच्या विरळ कुडातून जसा उजेड आत येतो, तशी केंद्रकाची ओढ त्यांच्यामधून बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोचते. म्हणून पोटॅशियमचा तो एक इलेक्ट्रॉन काढायला एका मोलमागे 419 किलोज्यूल पुरतात, तर तांब्याचा काढायला 745 लागतात. अणूची त्रिज्याही 227 पिकोमीटरवरून 128 वर येते. अणू आवळला जातो, धातू जड, कणखर आणि सोशिक होतो.

यातच तांब्याचा आणखी एक विशेष आहे. भरण्याच्या सरधोपट नियमाने त्याची मांडणी 3d मध्ये नऊ आणि 4s मध्ये दोन अशी यायला हवी. प्रत्यक्षात ती 3d मध्ये दहा आणि 4s मध्ये एक अशी असते. d पूर्ण भरलेलं असणं या अणूला ऊर्जेच्या दृष्टीने परवडतं. विद्यार्थी याला अपवाद म्हणून पाठ करतात. विजेच्या तारेत मात्र हाच अपवाद राबतो. धातूत प्रत्येक अणू आपला 4s इलेक्ट्रॉन सामायिक करतो. भरलेलं 3d खालच्या पातळीवर बाजूला राहतं, त्यामुळे त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत रिकाम्या d जागांचा अडथळा येत नाही. निकेल शेजारचाच धातू. त्याचं d अपुरं आहे आणि तो वीज तांब्याच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकीच वाहतो.

वाहकतेचं आंतरराष्ट्रीय मापही 1913 चंच. नरम केलेल्या तांब्याची 20 अंशांवरची वाहकता शंभर टक्के धरली गेली. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध 0.017241 ओहम. आमच्या अहवालांवर शंभर, 100.5, 101 असे आकडे यायचे. त्यांत एखाद्या टक्क्याची घट झाली तरी तारेचे मोठमोठे लॉट परत येऊ शकत.

इथे ट्रेनीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळतं. तांब्याच्या अणूंच्या रांगेत परका अणू बसला की वाहता इलेक्ट्रॉन तिथे विखुरतो. किती विखुरेल? स्वीडनचे जे. ओ. लिंडे यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हे तपासलं. परक्या अणूकडे तांब्यापेक्षा किती संयुजा इलेक्ट्रॉन जास्त आहेत, त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात रोध वाढतो, असं त्यांना आढळलं. जस्ताकडे एक जास्त, गॅलियमकडे दोन, जर्मेनियमकडे तीन, आर्सेनिककडे चार. तेवढ्याच अणूंमागे त्यांचा त्रास साधारण एक, चार, नऊ, सोळा असा चढत जातो. फॉस्फरस आर्सेनिकच्याच गटातला. तांब्यात तो 0.04 टक्क्यांपर्यंत गेला तर वाहकतेचा पाचवा भाग किंवा त्याहूनही जास्त नाहीसा होतो. लोखंडाचा उपद्रवही मोठा, कारण त्याचं अपुरं 3d वाहत्या इलेक्ट्रॉनांना वाटेत अडकवतं.

आणि चांदी? ती आवर्तसारणीत तांब्याच्या बरोबर खाली आहे. भरलेलं 4d आणि 5s मध्ये एक. संयुजेचा फरक शून्य. वाहत्या इलेक्ट्रॉनाला ती जवळजवळ परकी वाटतच नाही. उलट काही कामांसाठी तांब्यात मुद्दाम थोडी चांदी घालतात. तिने वाहकता फारशी घटत नाही आणि तापल्यावरही धातू लवकर नरम पडत नाही. पंचवीसची मुभा तिला यासाठी आहे.

बिस्मथची गोष्ट वेगळी. त्याचा अणू इतका मोठा की तांब्याच्या जाळीत मावत नाही. तो धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन साचतो आणि तिथली पकड ढिली करतो. मग रॉड तापवून लाटताना तडे जातात. सेलेनियम आणि टेल्युरियम ऑक्सिजनच्या कुळातले, दोन इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेले. ते तांब्याशी संयुगं करतात आणि भट्टीत तार नरम व्हायला आडवे येतात. तक्त्यातले आकडे वेगवेगळ्या कारणांनी ठरलेत, पण प्रत्येक कारण मागे मागे नेलं की इलेक्ट्रॉनांच्या मांडणीपाशी पोचतं. हे मी त्या मुलाला एका दिवसात सांगितलं नाही. नमुने लागत गेले तसं एकेक मूलद्रव्य घेत गेलो.

तांबं शुद्ध करण्याची पद्धत तर इलेक्ट्रॉन कोण सोडतो आणि कोण धरून ठेवतो, यावरच उभी आहे. 99 टक्क्यांच्या वरचं पण तरीही अशुद्ध तांबं अ‍ॅनोड म्हणून टाकीत टांगतात. टाकीत मोरचूद आणि गंधकाम्ल. समोर कॅथोडचा पातळ पत्रा. विजेचा दाब जेमतेम पाव व्होल्टच्या आसपास. एवढ्या दाबाला तांबं दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतं आणि समोरच्या पत्र्यावर ते परत घेऊन बसतं. जस्त, लोखंड आणि निकेल तांब्याहून सहज इलेक्ट्रॉन सोडतात. तेही विरघळतात, पण ते परत घ्यायला तयार नसतात, म्हणून द्रावणातच राहतात. चांदी आणि सोनं तांब्याहून घट्ट. ते सोडतच नाहीत आणि तळाशी गाळात पडतात. सेलेनियम, टेल्युरियमही याच गाळात जातात. प्रमाण विभव नावाने हे आकडे पुस्तकात असतात: पोटॅशियम उणे 2.93, जस्त उणे 0.76, लोखंड उणे 0.44, तांबं अधिक 0.34, चांदी अधिक 0.80 व्होल्ट. पोटॅशियम आणि तांब्याच्या त्या एकेका 4s इलेक्ट्रॉनांमधलं अंतर इथे तीन व्होल्टांहून जास्त झालेलं दिसतं.

इथे ट्रेनीने एक चांगली शंका काढली. पुस्तकात जस्ताची पहिली आयनन ऊर्जा 906 दिली आहे, तांब्याची 745. म्हणजे जस्ताचा इलेक्ट्रॉन काढणं अवघड. तरी आम्लात जस्त विरघळतं आणि तांबं नाही, असं कसं? मी त्याला पूर्ण हिशेब मांडायला लावला. दोन इलेक्ट्रॉन काढायचे आहेत. तांब्याचा दुसरा इलेक्ट्रॉन भरलेल्या 3d मधून काढावा लागतो, त्याला 1958 किलोज्यूल. जस्ताचा दुसरा 4s मधलाच, त्याला 1733. शिवाय अणू आधी धातूतून सुटा करावा लागतो. त्याला तांब्यात 338 किलोज्यूल लागतात, जस्तात फक्त 130. बेरीज तांब्याची 3041, जस्ताची 2769. पाण्यात आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात तेव्हा यातलं बरंचसं परत मिळतं, पण दोघांनाही जवळपास सारखंच, त्यामुळे एवढी तफावत भरून निघत नाही. एका आकड्यावरून धातूचा स्वभाव सांगू नये, हे त्या दिवशी त्याला पक्कं कळलं.

घरात हेच तत्त्व आपण रोज वापरत आलो. तांब्याच्या पातेल्यात ताक किंवा आमसुलाचं सार ठेवलं की कळकतं. नुसतं आम्ल तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊ शकत नाही, पण हवेतला ऑक्सिजन काढून घेतो आणि आम्ल त्या तांब्याला द्रावणात नेतं. म्हणून पातेल्याला आतून कल्हई. नवसागर टाकून तापवलं की पृष्ठभागावरचं ऑक्साइड निघून जातं आणि कथील चकचकीत तांब्याला धरतं. आमच्या कारखान्यात तारेवर कथलाचा थर चढवतात, त्यातही आधी तार साफ करणं हेच सर्वांत महत्त्वाचं काम.

त्या मुलाच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी वासोण्यातल्या त्यांच्या घरी गेले. शेणामातीने सारवलेली भिंत गेरूने रंगवली होती आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढत होत्या. तो जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, हा रंगही इलेक्ट्रॉनचाच म्हणायचा?” हो, हाही. गेरूतल्या लोखंडाने तीन इलेक्ट्रॉन दिलेले असतात. त्याच्या 3d मध्ये पाच उरतात. ते आणि शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन मिळून निळा-हिरवा प्रकाश शोषतात. उरलेला तांबडा आपल्याकडे येतो. तांदळाच्या पिठात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बंधांत घट्ट बसलेले. दृश्य प्रकाशाला त्यांना हलवणं जमत नाही. सगळा प्रकाश विखरून परत येतो आणि चौक पांढरा दिसतो. मोरचूदाचा निळा रंगही असाच, d मधल्या एका रिकाम्या जागेचा. तांब्याने दोन इलेक्ट्रॉन दिले की 3d मध्ये नऊ उरतात, आणि भोवतालच्या पाण्याच्या रेणूंमुळे त्या d पातळ्या दुभंगतात. मोरचूद तापवून पाणी घालवलं की तो पांढरा पडतो. जस्ताच्या सल्फेटला रंगच नाही, कारण दोन इलेक्ट्रॉन दिल्यावरही त्याचं d भरलेलंच राहतं. नाशिकच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने मोरचूदाचा तो निळा रंग पाहिलेला असतो.

शेवटी एक प्रसंग सांगते, कारण त्यात हे सगळं ज्ञान प्रत्यक्ष कामाला आलं. एका ग्राहकाकडे आमच्या तारेची टोकं गॅसच्या ज्योतीने जोडल्यावर सांध्याजवळ तुटू लागली. स्पेक्ट्रोवर सगळे आकडे मर्यादेत. वाहकता शंभरच्या वर. ट्रेनीने तक्ता बाजूला ठेवून विचार केला की या तांब्यात आणखी काय आहे. उत्तर होतं ऑक्सिजन. विजेच्या तारांच्या नेहमीच्या तांब्यात दहा लाखांत साधारण 200 ते 400 भाग ऑक्सिजन मुद्दाम राखलेला असतो. लोखंडासारख्या अशुद्धी त्याच्याशी बांधल्या जाऊन जाळीतून बाहेर पडतात आणि वाहकता सुधारते. उरलेला ऑक्सिजन तांब्याशी संयोग पावून क्युप्रस ऑक्साइडच्या बारीक कणांत राहतो. पण ज्योतीत जळायचा राहिलेला हायड्रोजन असला तर तापलेल्या तांब्यात तो सहज शिरतो. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन वाटून घ्यायला तांब्यापेक्षा हायड्रोजन जवळचा. ऑक्सिजन तांबं सोडतो आणि हायड्रोजनबरोबर त्याची पाण्याची वाफ होते. हायड्रोजनचा अणू धातूतून ये-जा करतो, पाण्याचा रेणू करू शकत नाही. वाफ आतच कोंडते आणि कणांच्या सीमा फाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फटी स्पष्ट दिसल्या. त्या कामासाठी ऑक्सिजनमुक्त तांबं वापरा आणि ज्योत सांभाळा, असं आम्ही कळवलं आणि तक्रार मिटली. वाहकतेला मदत करणारा ऑक्सिजन हायड्रोजनसमोर आला तेव्हा त्याच तारेचा घात करून गेला. पदार्थात काय किती आहे, एवढं कळून भागत नाही. कोण कोणाशेजारी आहे आणि तिथे इलेक्ट्रॉन कुणाकडे झुकतील, हे कळावं लागतं.

म्हणून रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना माझं एक मनापासूनचं सांगणं आहे. सिल्वासा, वापी, तारापूर, अंबरनाथ या पट्ट्यातली हजारो मुलं पुढे प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत जाणार आहेत. इलेक्ट्रॉन संरूपणाचा धडा 1s, 2s, 2p च्या माळेपासून सुरू करू नका. पोटॅशियम आणि तांबं शेजारी ठेवा, दोघांचाही बाहेरचा इलेक्ट्रॉन एकच आहे हे दाखवा, आणि मग एक पाण्यात का पेटतो आणि दुसऱ्याची घागर का होते, हे मुलांनाच शोधू द्या. नियम ती त्या शोधात आपोआप शिकतात. आणि पुढे एखाद्या तक्त्यासमोर उभं राहून ‘हा आकडा असाच का’ असं विचारायचं धैर्य त्यांच्यात येतं.